तिच्या कानात आधी कोण पोचलं

माझ्या मुलीला माणसाचा जो पहिला आवाज ऐकू आला, तो माझा नव्हता. माझ्या मोठ्या जावेचा होता. ही गोष्ट मी इतक्या वर्षांत कुणाला सरळ सांगितलेली नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "मशीन लावलं आणि तिला घरच्यांचे आवाज ऐकू यायला लागले." घरच्यांचे. त्या एका शब्दाआड मी बरंच काही झाकून ठेवलं आहे.

सेलूपासून बैलबंडीनं अर्ध्या तासावर आमचं गाव. मी वर्ध्याची, लग्न होऊन तिथे गेले तेव्हाच मला सेलूच्या प्राथमिक शाळेत नोकरी होती. मिस्टर हिंगणघाटला एका जिनिंगमध्ये कामाला. कापसाच्या हंगामात ते महिना महिना घरी येत नसत. घर आणि वावर सांभाळायचे मोठे भासरे, म्हणजे मिस्टरांचे थोरले भाऊ, आणि जाऊबाई. त्यांची दोन्ही मुलं तोवर मोठी होऊन वर्ध्याला शिकायला राहिली होती.

जाऊबाईंचा आवाज पुरुषी होता. जाड, खरखरीत, पोटातून येणारा. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभ्या राहून त्या हाक मारायच्या तर तीन वावरांपलीकडच्या निंदणाऱ्या बाया मान वर करायच्या. दाराआडून त्या "कोन हाय?" म्हणाल्या की नवीन पाहुणा "रामराम पाटील" म्हणून मोकळा व्हायचा. मग त्याच सगळ्यांत जास्त हसायच्या. "माया गळा देवानं कोन्या पोट्ट्यासाठी ठेवला होता," त्या म्हणायच्या, "चुकून मले लागला."

आणि माझा आवाज बारीक, गोड. हे मी स्वतः म्हणत नाही, सगळे म्हणायचे. शाळेत प्रार्थना मीच सांगायची. लग्नात उखाणा घेतला तेव्हा सासरच्या बायका एकमेकींकडे बघून गप्प झाल्या होत्या, ते मला अजून आठवतं. घरात दोघींच्या आवाजांची तुलना व्हायची तेव्हा मी "असं काय बोलता" म्हणायची आणि मनातून सुखावायची. म्हणजे सुरुवात माझ्याकडूनच झाली होती, फक्त तेव्हा जिंकणारी मी होते.

आणीबाणी उठली त्या वर्षी मुलगी झाली. दीड वर्षाची असताना एकदा फळीवरची पितळी ताटांची चळत तिच्या अगदी पाठीमागे पडली. मी किंचाळले. ती मात्र जमिनीवरची सरकी बोटानं ढकलत राहिली.

जाऊबाई दारात होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "पोट्टी वळली नाई वो."

"खेळात होती," मी म्हणाले.

"खेळात असली तरी दचकते लेकरू."

त्यानंतर दोन महिने मी त्यांच्याशी तुटक बोलत होते. जसं काही त्यांनी म्हटलं म्हणूनच ते झालं होतं. शेवटी वर्ध्याच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं आणि तिथे एका मोठ्या दवाखान्याच्या कानाच्या विभागात आमच्या खेपा सुरू झाल्या. आज लहान मुलाच्या कानाच्या आत तार बसवतात आणि ती कॉम्प्युटरवरून जुळवतात, हे मी नातेवाइकांकडे पाहिलं आहे. तेव्हा असं काही नव्हतं. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, तिच्यातून निघणारी वायर आणि वायरीच्या टोकाला कानात बसणारी गुलाबी खुंटी, एवढंच होतं. पण ती डबीही जुळवावी लागायची, आणि त्या जुळवण्यातच आमच्या घरात जे व्हायचं ते झालं.

तिथले मशीनवाले साहेब किडकिडीत होते, हिंदी-मराठी एकत्र बोलायचे. मुलगी तीन वर्षांची झाल्यावर त्यांनी तिला भिंतींना जाड कापड लावलेल्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात लाकडी कडी दिली. आवाज आला की कडी खुंटीत टाकायची. हे तिला समजायलाच दोन खेपा गेल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी चौकटीच्या कागदावर टिंबं काढून जोडली. रेघ डावीकडून थोडी सुरू झाली आणि लगेच खाली कोसळली.

"देखो बाई," ते म्हणाले, "हे डावीकडे म्हणजे ढोल, म्हैस, मोटारीचं इंजिन. जाड आवाज. इथे हिचा कान थोडासा जिवंत आहे. उजवीकडे म्हणजे चिमणी, शिट्टी, बारीक आवाज. तिथे काहीच नाही."

"मग मशीननं येईल ना?" मी विचारलं.

"जे आहे त्यालाच मशीन मोठं करतं. जे नाहीच ते कुठून आणणार?"

त्या वेळी मला ढोल आणि चिमणी समजली. माझा स्वतःचा आवाज कागदावर कुठे बसतो, हा विचार माझ्या मनात आला नाही.

मशीन मिळालं. दिवसातून जमेल तितका वेळ लावायचं, जवळ बसून बोलायचं, आधी समोरून आणि मग पाठीमागून. ती वळली तर शाबासकी द्यायची. मी साडेनऊला शाळेसाठी निघायची ती साडेपाचला परत. म्हणून दुपारचं काम जाऊबाईंकडे गेलं. त्यांनी जुन्या लुगड्याच्या मऊ कापडाच्या पिशव्या शिवल्या, छातीवर डबी बसेल अशा, कारण खरखरीत कापड डबीला घासलं की कानात नुसती खरखर होते हे त्यांनी दोन दिवसांत ओळखलं होतं. कानातली खुंटी सैल झाली की मशीन शीळ घालायचं. ती शीळ मुलीला ऐकू यायची नाही, आम्हाला यायची, आणि जाऊबाई हातातलं काम टाकून खुंटी दाबायला पळायच्या.

पंधरा दिवस काही झालं नाही. रविवारी मी घरी होते. मुलगी माझ्याकडे पाठ करून पायलीत तुरीचे दाणे टाकत बसली होती आणि मी तिच्या मागे बसून तिचं नाव घेत होते. लाडानं घेतलं, लांबवून घेतलं, गाण्यासारखं घेतलं. माझ्याकडे होता तितका सगळा गोडवा ओतला. ती दाणे टाकत राहिली.

तेवढ्यात जाऊबाई डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन अंगणातून आत आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "अवो, कुत्रं घुसलं ना सैपाकघरात!"

मुलगी वळली.

वळली म्हणजे मानच नाही, सगळी फिरली. तोंड उघडं आणि डोळे त्यांच्यावर.

जाऊबाईंनी भारा तिथेच टाकला. कुत्रं भाकरी घेऊन गेलं, कुणी पाहिलं नाही. त्या दबकत तिच्या मागे गेल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "कुत्रं." ती पुन्हा वळली. "कुत्रं." पुन्हा वळली आणि हसली. जाऊबाई मटकन खाली बसल्या, तिला मांडीवर ओढलं आणि त्या जाड आवाजातच रडायला लागल्या. तो आवाज ऐकून मुलगी त्यांच्या गळ्याला हात लावून बघायला लागली. आवाज कुठून येतो ते बघत होती.

मीही रडले. सगळ्यांना वाटलं आनंदानं. आनंद होताच, तो नव्हता असं म्हटलं तर पाप लागेल. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते जास्त गरम होतं. नऊ महिने पोटात मी वाढवली, तीन वर्षं कुशीत मी घेतली, आणि पहिला शब्द पोचला तो कुत्र्याचा, आणि तोही हिच्या तोंडून.

त्यानंतर दर महिन्याला नागपूर. साहेबांना जाणून घ्यायचं असायचं की घरी काय ऐकते आणि काय नाही, म्हणजे त्यावरून ते डबीच्या पाठीमागचा बारीक स्क्रू केसभर फिरवायचे. जाऊबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण महिनाभराचं सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. "पाटा-वरवंटा आयकते. म्हशीचं हंबरनं आयकते. बादली आपटली त आयकते. चिमणी नाई. शेजारच्या पोरीचं रडनं नाई. इंजिनाचा पट्टा चालू झाला की कानाले हात लावते, तिले ते जास्त होते साहेब, थोडं कमी करा."

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, पढ़े-लिखे लोग भी इतना नाही सांगत. यांच्यामुळे मला मशीन जुळवता येतं."

घरी मी वही घातली होती. जाऊबाई सांगायच्या आणि मी लिहायची. माझं अक्षर शाळेत नावाजलेलं, त्या वळणदार अक्षरात मला स्वतःच्या हातानं लिहावं लागे: 'मोठाईने मागून हाक मारली, वळली. आईने मागून हाक मारली, वळली नाही.' आमच्याकडे मोठ्या काकूला मोठाई म्हणतात. पान भरून तेच. एकदा मी 'आईने' या शब्दापुढे 'वळली' असं लिहिलं. घरात कुणी वाचणार नव्हतं. तरी खोडलं, कारण खोटी नोंद पाहून साहेबांनी स्क्रू भलतीकडे फिरवला तर, अशी भीती वाटली. तेवढी शुद्ध तेव्हा होती.

काही महिन्यांनी ती बोलली. दुपारी ताक घुसळताना जाऊबाईंकडे बघून तिनं ओठ गोल केले आणि म्हणाली, "ओ-आई."

भासरे ओट्यावरून आत आले. "आई म्हटलं! पोट्टीनं आई म्हटलं!" मग सगळ्या गल्लीत तेच झालं, मास्तरणीच्या मुकीनं आई म्हटलं. मी शाळेतून आले तर चार बायका माझं अभिनंदन करायला बसलेल्या. जाऊबाईही म्हणाल्या, "हो, आईच म्हटलं तिनं. आई म्हन वो बाई, आई म्हन." मुलीनं त्यांचं लुगडं धरलं, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाली, "ओ-आई."

मोठाई. ज्याला कान आहेत त्या कुणालाही कळलं असतं. सगळ्यांना कळलंही होतं. मला बरं वाटावं म्हणून ते मला 'आई' देत होते, आणि देणाऱ्यांत सगळ्यांत पुढे जाऊबाई होत्या. त्यांनी मुलगी ठेवून घेतली असती तर मी भांडले असते. त्या मला परत देत होत्या, ते मला जास्त लागलं.

आता जे मी केलं ते सांगते.

डबीचं मागचं झाकण सरकवलं की आत एक इवलंसं बटण होतं, तीन खुणांवर सरकणारं. साहेबांनी ते एका टोकाच्या खुणेवर ठेवलं होतं आणि दोघींना बजावलं होतं, "हे जाड आवाजांकडे लावलं आहे. याला हात लावायचा नाही." जाऊबाईंनी मान डोलावली होती. मी मात्र बटणाचं दुसरं टोक पाहून ठेवलं. तिकडे बारीक आवाज असणार. म्हणजे तिकडे मी असणार.

पुढच्या एका रविवारी दुपारी जाऊबाई वावरात वेचणीवर होत्या. मुलगी झोपलेली. मी डबी पिशवीतून काढली, केसातल्या पिनेनं झाकण सरकवलं आणि बटण दुसऱ्या टोकाला नेलं. आवाज मोठा करायची चकतीही वाढवून ठेवली. तिला जास्त ऐकू यावं म्हणून करते आहे, असं मी स्वतःला सांगितलं. चिमणी ऐकावी, बांगड्या ऐकाव्यात. आणि माझा आवाज. 'आणि' म्हणून सांगितलं, पण खरं तेच होतं.

ती उठली, मी मशीन लावलं, मागे बसले आणि नाव घेतलं. काही नाही. पुन्हा घेतलं. तिनं कान खाजवला.

संध्याकाळी जाऊबाई ओटीत कापूस घेऊन आल्या आणि नेहमीसारख्या दारातूनच म्हणाल्या, "काऊन वो माय, काय करून राह्यली?"

मुलगी वळली नाही.

त्यांनी दोनदा, तीनदा हाक मारली. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा तो चेहरा मला दिसतो अजून. आणि मला बरं वाटलं. क्षणभर वाटलं, आता आपण दोघी सारख्या. आता तुम्हालाही कळेल, तीच हाक परत परत मारणं म्हणजे काय असतं.

दुसऱ्या दिवशी बटण परत सरकवायचं, असं ठरवून शाळेत गेले. परतल्यावर वाटलं, कानाला नव्या आवाजाची सवय व्हायला दोन दिवस तर लागणारच. तिसऱ्या दिवशी भीती वाटायला लागली. तोवर जाऊबाई डबीला चिकटूनच बसल्या होत्या. त्यांना वाटत होतं की त्यांनी मुलीला न्हाऊ घालताना पाणी शिरलं. त्यांनी सेल बदलले. डबी सुपात ठेवून उन्हात धरली आणि स्वतः बाजूला उन्हातच बसून राहिल्या. "मायाच हातानं झालं," दिवसातून दहा वेळा म्हणायच्या. मी "होईल बरं" म्हणायची. तीन शब्दांत सुटलं असतं ते सगळं. मी ते तीन शब्द बोलले नाही.

मुलीनं मशीन ओढून काढायला सुरुवात केली. मग आवाज करणंही बंद केलं. 'ओ-आई' गेलं. घरात कापसाचा ढीग होता, त्याच्या कडेला बसून ती दिवसभर बोंडातला कापूस उपसत राहायची. अकरा दिवस.

बाराव्या दिवशी मी रजा काढली आणि आम्ही तिघी सकाळच्या येष्टीनं नागपूरला गेलो. साहेबांनी डबी घेतली, झाकण सरकवलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ये किसने किया?"

जाऊबाई पुढे वाकल्या. "काय झालं साहेब?"

"हे बटण उलट्या टोकाला आहे. इथे जाड आवाज कापले जातात. हिला तेवढेच तर ऐकू येतात! इतने दिन ही बच्ची पूर्ण बहिरी होती, कानात खुंटी घालून!"

"मी त नाई उघडलं," जाऊबाई म्हणाल्या. मग थांबल्या. "पर माह्याच ताब्यात होतं. म्हंजे मायाच हातून झालं असन."

खोलीबाहेर बाकावर पाच-सहा माणसं होती. दार उघडं होतं. साहेब चिडून बोलले, अडाणी माणसाच्या हाती असली वस्तू दिली की असंच होतं वगैरे. ज्यांनी त्यांचं कौतुक केलं होतं तेच. जाऊबाई पदर तोंडाशी धरून खाली बघत ऐकत राहिल्या. मी त्यांच्या शेजारी उभी होते, खांद्याला शाळेची पर्स, इस्तरीचं पातळ. माझ्यावर कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

साहेबांनी बटण परत सरकवलं, स्क्रू तपासला आणि डबी पिशवीत घातली. आम्ही बसस्टँडवर आलो. बाकावर बसल्यावर जाऊबाई मुलीच्या मागून म्हणाल्या, "माय."

ती वळली आणि त्यांच्या अंगावर चढली.

"आली वो, आली! आयकू आलं तिले!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या मला सांगत होत्या. मला. ते मला सोसलं नाही.

"जाऊबाई, बटण मी सरकवलं होतं."

त्यांना आधी समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. रविवार, पीन, झाकण, सगळं.

"काऊन?"

"तिला माझा आवाज यावा म्हणून."

त्या मुलीच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. मला वाटलं, ओरडतील. अख्ख्या बसस्टँडला ऐकू जाईल असा आवाज होता त्यांच्याकडे. पण त्या इतक्या हळू बोलल्या की मला वाकावं लागलं.

"साहेबानं मले बोल्लं ते जाऊ दे. अकरा दिवस पोट्टीले बहिरी ठेवलं तू. कापसात बसून राहे ते. पाहत होती ना तू? रोज पाहत होती."

घरी पोचल्यावर त्यांनी मशीन, सेल, पिशव्या, सगळं माझ्यापुढे ठेवलं. "घे. तुयी पोट्टी हाय. आता तूच पाह्य." आणि विळा घेऊन वावरात निघून गेल्या. घरात कुणाला त्यांनी काही सांगितलं नाही. माझ्याशी बोलणं मात्र बंद.

मी रजा वाढवली. मुलगी आता दिवसभर माझी होती, हवी होती तशी. ती दाराशी जाऊन बसायची आणि रस्त्याकडे बघायची. मी मागून हाक मारायची, ती वळायची नाही. जाऊबाई संध्याकाळी आल्या की तीरासारखी धावायची. त्या तिला घ्यायच्या, पण तिच्याशी बोलायच्या नाहीत, मला वचन दिल्यासारख्या. दोन मोठ्या बायकांच्या रागात ते लेकरू पुन्हा मुकेपणात जायला लागलं. सहाव्या दिवशी मी तिला कडेवर घेतलं आणि वावरात गेले.

जाऊबाई धुऱ्यावर उभ्या होत्या. मी म्हणाले, "मला शिकवा."

"काय शिकवू?"

"तुमच्यासारखं बोलायला."

त्यांनी मला खालून वर पाहिलं. वेचणाऱ्या बाया कान टवकारून होत्या. "नरड्यातून नको बोलू," शेवटी त्या म्हणाल्या. "तू नाकात बोलते. छातीतून काढ. म्हशीले हाकलते तसं."

"मी म्हैस कधी हाकलली नाही."

"म्हनूनच."

मग शाळेची मास्तरीण धुऱ्यावर उभी राहून "होऽऽ" करायला लागली. बाया ओटीत तोंड घालून हसत होत्या. जाऊबाईंनी माझ्या छातीवर तळवा ठेवला. "इथं हाललं पाहिजे. नाई हाललं. अजून खाली." मुलीचा हात धरून त्यांनी तोही माझ्या छातीवर ठेवला. तिला ते गमतीचं वाटलं. घसा सोलवटून निघाला. संध्याकाळपर्यंत त्या माझ्याशी चार वाक्यं बोलल्या होत्या. चारही शिव्याच होत्या, पण बोलल्या.

आठवडाभरानं अंगणात मी तिच्या मागून, छातीतून, खालच्या पट्टीत म्हणाले, "ये."

ती वळली. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे पाहिलं. मोठाई कुठे आहे, ते शोधत होती.

जाऊबाई ओट्यावरून म्हणाल्या, "आता झालं ना तुया मनासारखं?" मी हो म्हटलं. पण झालं नव्हतं. ती वळली होती ती माझ्या आवाजाला नाही, त्यांच्या आवाजाच्या नकलेला. माझ्या लेकीच्या कानात शिरायला मला माझ्या जावेचा आवाज उसना घ्यावा लागला होता, आणि तोही त्यांनीच शिकवला होता. पुढे वर्षभरात शाळेतली प्रार्थना मी दुसऱ्या बाईंकडे दिली. वरचा सूर लागेनासा झाला होता. मिस्टर एकदा म्हणाले, तुझा घसा बसला आहे का? मी म्हटलं, थंडीचं आहे.

ती सहा वर्षांची झाल्यावर नागपूरला मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत वसतिगृहात राहिली. शिकली, लिहायला लागली, ओठ वाचायला लागली, आणि माझे ओठ ती चांगले वाचायची, मास्तरीण असल्यानं माझे उच्चार स्वच्छ. ते एक माझं होतं. भेटीच्या रविवारी आम्ही दोघी जायचो आणि फाटकातून ती आधी कुणाकडे धावते ते मी दर वेळी पाहायची. त्यांना टाळून मी कधी मुद्दाम एकटी गेले नाही, पण एकदाच एकटी गेले तो रविवार मला सगळ्यांत गोड लागला. जाऊबाईंना त्या दिवशी ताप होता.

ती अकराची झाली तेव्हा जुनी डबी गेली आणि कानामागे बसणारी दोन नवी मशीनं आली. साहेबांची बदली झाली होती. त्यांच्या जागी एक तरुण बाई होत्या, फार धीराच्या. त्यांनी सांगितलं की बाहेरच्या देशांत आता कानाच्या आत तार घालायला लागले आहेत, आपल्याकडे यायला वेळ आहे. मग मशीन जुळवायला घेतलं. त्यांनी आम्हा दोघींना तोंडापुढे कागद धरायला लावला आणि एकेक शब्द बोलायला सांगितलं. मुलीनं ऐकून परत म्हणायचं. तवा. पाणी. सूप. चिमणी. जाऊबाईंचे बहुतेक शब्द तिनं सांगितले. माझे निम्मे. बाई मध्ये मध्ये बारीक पेचकसानं मशीनचा स्क्रू फिरवत होत्या. कागदाआड मी माझा उसना आवाज लावला होता, पण अर्ध्यावर बाई मला म्हणाल्या, "तुम्ही असं ओढून का बोलता? नेहमीसारखं बोला ना."

नेहमीसारखं. मला आठवावं लागलं. मी बारीक आवाजात म्हणाले, "चिमणी."

मुलीनं भुवया वर केल्या. चिमणी तिला कळली नाही. पण काहीतरी नवीन पोचलं होतं. तिनं हातानं खूण केली, पुन्हा. मी पुन्हा म्हणाले.

परतीच्या येष्टीत ती आमच्या दोघींच्या मध्ये बसली. खिडकीकडे जाऊबाई होत्या. ती तिच्या त्या सपाट, शब्द तोडत येणाऱ्या आवाजात मला म्हणाली, "आई, तुझा आवाज बारीक आहे."

"हो."

"मोठाईचा जाड."

"हो."

मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं, तिला ओठ नीट दिसतील असं तोंड फिरवून. "तुला कुठला आवडतो?"

तिनं थोडा विचार केला. खोटं बोलायला ती शिकली नव्हती, अजूनही फारशी शिकलेली नाही. "मोठाईचा," ती म्हणाली.

जाऊबाईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अवो बाप्पा, असं नाई बोलू मायले!" त्यांनी तिच्या मांडीवर चापट मारली. मुलीला काय चुकलं ते कळेना. ती माझ्याकडे पाहू लागली.

मला लागलं. इतक्या वर्षांनीही तितकंच लागलं. मी म्हटलं, "काही चुकलं नाही," आणि पिशवीतून सांबारवड्यांचा, कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा काढला. जाऊबाईंनी पहाटे उठून केल्या होत्या. मुलीनं दोन खाल्ल्या, आणि मीही खाल्ली.